कुंदा, तुझा फोटो हलला नाही

“वयनी,” तू म्हणालीस, आणि मी म्हटलं, “तोंड मीट. हलू नको.”

तू हललीस. आधी खुर्चीत पुढे आलीस, मग खाली. माझा एक डोळा कॅमेऱ्याला लावलेला, दुसरा घट्ट मिटलेला, बोट बटणावर. तुझ्या डोळ्यावर मधला ठिपका धरून मी तुझ्या मागोमाग कॅमेरा खाली नेत गेले. मला वाटलं, नेहमीचंच. तुला फोटोला बसवलं की काहीतरी आठवायचं. गॅसवरचं दूध, कठड्यावरची साडी, कुणाला तरी मारायची राहिलेली हाक. आणि तू पुढे यायचीस. मला राग आला. रागाने मी बटण पुरतं दाबलं. कॅमेऱ्याचा खट् असा आवाज झाला. मग खुर्ची आपटली. मग मी कॅमेरा डोळ्यापुढून काढला.

तू गॅलरीच्या लाद्यांवर कुशीवर पडली होतीस. एक चप्पल पायात होती, एक कठड्यापाशी गेली होती. टिकली जागच्या जागी होती.

माणूस जाताना त्याच्या तोंडात पाणी घालतात. माझ्या हातात कॅमेरा होता. त्याचा पट्टा मनगटाला दोन वेढे देऊन बांधलेला, पडू नये म्हणून तूच शिकवलास तसा. तो मला सुटेना. तोवर शेजारची नलू तांब्या घेऊन धावत आली. पाणी तुझ्या ओठांच्या कडेने बाहेर आलं.

डॉक्टर म्हणाले, “आजी, हृदय एकदम बंद पडलं. तुम्ही काही केलं असतं तरी उपयोग नव्हता.” डॉक्टरांना तसंच म्हणावं लागतं. मी त्यांना खोटं पाडत नाही. पण तू खाली येत होतीस आणि मी कॅमेरा घेऊन तुझ्या मागे येत होते, तो वेळ किती होता ते त्यांना ठाऊक नाही. मला ठाऊक आहे. सकाळपासून छातीत जळजळतंय असं तू दोनदा म्हणालीस. मी म्हटलं, काल वडे खाल्लेस त्याचं तेल असेल. तू सोडा घेतलास. हेही त्यांना ठाऊक नाही.

हे मी माधवीच्या जुन्या वहीत लिहिते आहे. चौथी शिकलेल्या बाईने काय लिहायचं, असं तू म्हणाली नसतीस. तू म्हणाली असतीस, वयनी, अक्षर जरा मोठं काढा.

मी थोरली जाऊ, तू धाकटी. चिंचपोकळीच्या चाळीतली ही एक खोली, त्यात शेहेचाळीस वर्षं आपण दोघी. दोघे भाऊ गिरणीत होते. गिरणी गेली, मग ते गेले. आधी माझा नवरा, चार वर्षांनी तुझा. मला मूल झालं नाही. तुला माधवी झाली आणि तिला दोघींनी वाढवली. तू न्हाऊ घालायचीस, मी मारायचे. तीही तसंच सांगते लोकांना.

फोटोचं वेड तुला कुठून लागलं ते मी विसरलेले नाही. आमचे हे गेले तेव्हा घरात त्यांचा धड फोटो नव्हता. गिरणीच्या पासावर एक होता, त्यात डोळे मिटलेले. कुणाच्या तरी लग्नातला दुसरा होता, त्यात ते पंगतीत आमटी वाढत होते. स्टुडिओवाल्याने तो मोठा केला, हातातली बादली कापली आणि अंगात कोट चढवला. वर टाय. हयातभर खाकी चड्डी आणि बनियनवर राहिलेला माणूस भिंतीवर बँकेचा मॅनेजर होऊन बसला. तेराव्याला आलेली माणसं फोटोपुढे हात जोडायची आणि मग हळूच विचारायची, हे कोण? तू मोरीत जाऊन तोंडात पदर कोंबून हसत होतीस. मी तुला बोलायला म्हणून आत आले. “काय गो, लाज नाही?” असं म्हटलं आणि मलाच हसू फुटलं. नवरा गेल्यापासून मी पहिल्यांदा हसले ती मोरीत, तुझ्या खांद्याला धरून.

तुझा नवरा गेला तेव्हा आधार कार्डावरचा फोटो मोठा करून घेतला. त्यात तो पोलिसांनी धरून आणल्यासारखा दिसतो. त्यावर आपण हसलो नाही. त्या संध्याकाळी तू म्हणालीस, “वयनी, आपले फोटो आपण आधीच काढून ठेवायचे. चांगले. मला भिंतीवर कोट नको.”

मी म्हटलं, “तुला कोण कोट घालतंय?”

“शालू घालतील. सांगता येत नाही.”

माधवीने हौसेने घेतलेला कॅमेरा कपाटात पडून होता. शिकाऊ लोकांचा असतो तसला. दोन महिने तिने हौस केली, मग तिचं मोबाइलवर भागायला लागलं, मग ती बेंगलोरला गेली. तू तो बाहेर काढलास आणि जुन्या परकराच्या तुकड्याने पुसलास. मी विचारलं, मोबाइल काय वाईट आहे? तू म्हणालीस, मोबाइलवरचा मोठा केला की तोंड पिठासारखं होतं. हे तुला कुणी सांगितलं होतं देव जाणे. तू नववी नापास, पण बोलायचीस पदवी घेतल्यासारखी.

रविवारी माधवीचा फोन यायचा. तू कॅमेरा मांडीवर घेऊन बसायचीस आणि ती तिकडून सांगायची. मला शिकवायचं काम मग तुझं. पहिलाच धडा मला जमेना. बटण अर्धं दाबायचं, थांबायचं, मग पुरतं दाबायचं. मी जन्मात कुठली गोष्ट अर्धी दाबलेली नव्हती. दाबायचं म्हणजे दाबायचं. आठवडाभर तू मला कुकरवर बसवलंस. कुकर हलत नाही, बोलत नाही, पुढे येत नाही. कुकरचे फोटो मी आजही फार चांगले काढते.

मग ती तीन अक्षरं आली. तू कॅलेंडरच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवलास. अजून आहे. ‘ए, कॅमेऱ्याच्या मर्जीने. एस, बसलेल्याला. सी, हलणाऱ्याला.’ एसवर बटण अर्धं दाबलं की कॅमेरा एकदाच नजर लावतो, पीं करतो, चौकोन हिरवा होतो आणि तो तिथेच अडून बसतो. पुढचा माणूस वीतभर सरकला तरी हा जुनी जागा सोडत नाही. सीवर ठेवला तर बटण धरलेलं असेपर्यंत तो माणसाच्या मागे मागे फिरतो. पण पीं करत नाही.

“आणि ए?” मी विचारलं.

“ए म्हणजे तुमचे भावजी. आपल्याच मनाने ठरवायचं आणि नेमकं चुकायचं.”

नवरा जाऊन वर्षही झालं नव्हतं तुझा. मी म्हटलं, “जिभेला हाड नाही तुझ्या.”

“तुम्ही एस, वयनी,” तू म्हणालीस. “मी सी.”

खरंच होतं ते. माझा फोटो तू तीन खेपांत काढलास. मी खुर्चीत बसले की बसले. तू पीं केलंस, खट् केलंस, संपलं. त्यात मी आहे तशी आले, कपाळाला आठ्या, ओठ घट्ट. तू म्हणालीस, जरा हसा. मी म्हटलं, माझ्या तेराव्याला मी कशाला हसू? तो फोटो आपण लालबागला जाऊन फ्रेम करून आणला आणि वर्तमानपत्रात गुंडाळून ट्रंकेत ठेवला. माझी तयारी झाली. राहिलीस तू.

त्या दिवसांत तू हलणाऱ्या वस्तूंच्या मागे लागलीस. कठड्यावरचे कावळे, खाली क्रिकेट खेळणारी मुलं, वाऱ्यावर उडणारी माझी साडी. एकदा मिरच्या कुटून आणायला तुला डंकावर पाठवलं. तू पिशवीत कॅमेरा नेलास आणि मसाला कुटणारे दांडे वरखाली होतात त्यांचे फोटो काढलेस. भोवतीच्या बायका शिंकत होत्या, तूही शिंकत होतीस, तरी उभी. घरी येऊन मला दाखवलंस. दांडा हवेत, खाली लाल पूड उडालेली, कण नि कण मोजून घ्यावा असा. “सीवर काढलाय,” म्हणालीस, डोळे अजून लाल होते.

मी म्हटलं, “बरा आहे. मसाला कुठाय?”

तू कॅमेऱ्याकडे बघितलंस. पिशवीत बघितलंस. “डंकावरच राहिला,” म्हणालीस.

त्यावरून मी तुला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. आज तो फोटो पुन्हा काढून बघितला. कण नि कण दिसतो.

तुझे फोटो मात्र माझ्याच्याने होईनात. मी एसवर ठेवायचे, कारण मला पीं ऐकू आल्याशिवाय झालंय की नाही कळायचं नाही. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्यावर भरवसा नाही, कान तेवढा धड. मी तुझ्यावर ठिपका धरायचे, पीं व्हायचं, आणि मग मी वाट बघायचे तू गप्प होण्याची. तू गप्प व्हायची नाहीस. काहीतरी सांगायला पुढे यायचीस आणि मी खट् करायचे. मग बघावं तर खुर्चीची पाठ स्वच्छ, दाराची कडी स्वच्छ, भिंतीच्या रंगाचे निघालेले पोपडेसुद्धा स्वच्छ. त्यांच्यापुढे तू म्हणजे धुकं.

“वयनी, सीवर घ्या,” तू प्रत्येक वेळी म्हणायचीस.

“ते वाजत नाही.”

“वाजत नाही म्हणजे त्याने काम सोडलेलं नाही. बघतोय अजून.”

“बघत बसू दे. तू गप्प बस, म्हणजे एसवरच येशील.”

“अहो, एक सेटिंग बदला म्हणते मी, तर तुम्ही माणूस बदलायला निघालात!”

“शेहेचाळीस वर्षं तेच करतेय.”

“बदललं का मग?”

“नाही.”

“मग सेटिंग बदला.”

हे भांडण आपलं संपलं नाही. कॅमेऱ्याच्या आधीही ते होतंच, फक्त नाव वेगळं होतं. तू नवी आलीस तेव्हा जेवताना चार वेळा उठायचीस. मी म्हणायचे, बूड टेकव. तुझ्या बाळंतपणात म्हटलं, पडून राहा. तुझा नवरा गेला तेव्हा तू तिसऱ्या दिवशी डबे घासायला बसलीस, तेव्हाही म्हटलं. तू एकदाही ऐकलं नाहीस, आणि मीही एकदाही म्हणायचं सोडलं नाही. एक दिवस चिडून मी बोलले, “मी तुझ्याहून सात वर्षांनी मोठी. मी आधी जाणार. तुझा फोटो तुझी लेक काढेल, माझ्या डोक्याला ताप नको.” तू म्हणालीस, “कोण आधी जाणार ते काय रेशनच्या रांगेसारखं असतं, वयनी?” आणि दोन दिवस बोलली नाहीस. कामं सगळी केलीस. भाकरी वाढलीस. पण बोलली नाहीस.

आता तुला माहीत नाही ते सांगते. तू गेलीस त्या दिवशी दुपारी तू आत केस विंचरत होतीस तेव्हा मी कपाट उघडलं, तुझा पुठ्ठा वाचला, मेनूत गेले आणि सीवर आणलं. माझं मी. तुला सांगितलं नाही. फोटो चांगला आला असता तर तुझ्यापुढे नुसता धरला असता आणि चहा टाकायला गेले असते. तुझं बरोबर होतं असं मी तोंडाने म्हटलं असतं, असं मी आज छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. म्हटलंही असतं. नसतंही.

चारच्या सुमाराला गॅलरीत उजेड बरा असतो, डोळ्यात जात नाही. तू मरून रंगाची टिकली लावून बाहेर आलीस.

“विधवेच्या फ्रेमला टिकली?” मी म्हटलं.

“फ्रेम माझी, कपाळ माझं. तुम्ही ठिपका सांभाळा.”

तू बसलीस. मी बटण अर्धं दाबलं. वाजलं नाही. तुझ्या लक्षात आलं की नाही, हा माझा एक प्रश्न राहिला आहे. तू एसवाल्या पींची सवय झालेली बाई. ते आलं नाही. तुझी मान थोडी वळली, भुवई वर गेली. मग तू “वयनी” म्हणालीस. मी कधी मनाशी म्हणते, तिला कळलं, ती हसून मला तेच म्हणणार होती. कधी म्हणते, छातीत कळ आली म्हणून तिने मला हाक मारली. डॉक्टरांना विचारण्यासारखं हे नाही.

माधवी विमानाने आली. दुसऱ्या दिवशी सकाळी तुला नेलं. तिसऱ्या दिवशी ती कॅमेरा मांडीवर घेऊन बसली, तू बसायचीस त्याच जागी. मी तोपर्यंत त्याला हात लावलेला नव्हता. ती एकेक फोटो पुढे ढकलत होती. “काकी, सगळे हललेत गं.” मग, “काकी, हा कुकर कशाला इतक्यांदा?” मग ती थांबली.

“काकी. हा बघ.”

मी बघितलं. तुझं तोंड जरा खाली झुकलेलं. एका गालावर उजेड. डोळे सरळ माझ्याकडे. पापण्यांचे केस दिसतात, टिकलीच्या कडेची घामाची ओळ दिसते, ओठ थोडे उघडलेले. मागची खुर्ची धूसर, कडी धूसर, पोपडे धूसर. इतक्या दिवसांत जे एकदाही जमलं नव्हतं ते आलं होतं.

“हसायलाच लागलीय बघ,” माधवी म्हणाली. “आता बोलेल अशी. कधी काढलास?”

“त्याच दिवशी.”

“सकाळी?”

“हो,” मी म्हटलं.

मी खोटं बोलत नाही असं चाळीत सगळे सांगतात. बोलले. त्या पोरीशिवाय मला कोणी नाही, कुंदा. ‘तुझी आई पडत होती आणि मी फोटो काढत होते,’ हे तिला कुठल्या तोंडाने सांगू? आणि ऐकून ती उठून गेली तर मी कुठे जाऊ?

फ्रेमच्या वेळी माझी ट्रंक उघडली. माधवी म्हणाली, “काकी, एक तयार फ्रेम आहे की.” मी म्हटलं, ती माझी आहे. मग म्हटलं, घाल तिला त्यात. लालबागचा तो फ्रेमवाला तोच होता. त्याने माझा फोटो काढला नाही, तुझा त्याच्यावर ठेवला. म्हणाला, “आजी, मागे जाड कागद असला की पुढचा ताठ राहतो.” मग तुझ्या फोटोकडे बघत राहिला. “कोणी काढला? स्टुडिओतला वाटतो.”

“मी,” म्हटलं.

“हात बसलाय तुमचा.”

दोन्ही हात पदराखाली घेतले.

दहाव्याला बायका जात नाहीत. मी बाणगंगेला गेले. भटजींनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि आपलं काम चालू ठेवलं. माझ्या वयाला कोणी अडवत नाही. मी मनाशी ठरवून गेले होते. कावळा थोडाफार वेळ लावतोच, लोक एकेक करून पुढे होतात, तुझं अमुक करू, तमुक करू असं म्हणतात, तेव्हा मीही पुढे होणार होते आणि सगळ्यांसमोर म्हणणार होते, सीचंच बरोबर होतं. बाकीच्यांना काय कळायचं ते कळो. पिंड ठेवला, माणसं मागे सरली न सरली तोच कावळा उतरला आणि भात उचलून गेला. माझं तोंड उघडायच्या आत.

सगळे खूश झाले. कुंदाताईंची काही इच्छा राहिली नव्हती म्हणाले. मला बरं वाटलं नाही. तुला जरा थांबवत नव्हतं का? इथेसुद्धा? तुझं राहिलं नसेल, माझं राहिलं होतं.

तेरावा झाला. माधवीने बॅग भरायला घेतली. त्या फोटोची एक प्रत तिने स्वतःसाठी करून घेतली होती, झोपायच्या खोलीत लावते म्हणाली. रोज सकाळी उठल्यावर आई दिसेल म्हणाली. माझ्याच्याने ते ऐकवेना. तिने रोज सकाळी काय बघायचं ते तिला ठाऊक असलं पाहिजे.

“माधवी,” मी म्हटलं, “तो फोटो सकाळचा नाही.”

तिचा हात बॅगेत होता, तो तिथेच थांबला. “माहीत आहे, काकी.”

“काय माहीत आहे?”

“कॅमेऱ्यात प्रत्येक फोटोची वेळ असते. आईला घड्याळ मीच लावून दिलं होतं.” ती माझ्याकडे बघत नव्हती. “तू सकाळचा म्हणालीस त्याच रात्री बघितलं मी. चारनंतरचा आहे. नलूमावशीने मला फोन केला त्याच्या थोडा आधीचा.”

दहा दिवस ती माझ्या खोट्यासोबत एका ताटात जेवली होती.

“मग तरी हाच का लावलास?”

“बाकी सगळ्यांत ती कुठेतरी निघालीय,” माधवी म्हणाली. “ह्यात ती तुझ्याकडे बघतेय.”

मी तिथे थांबले असते तर सगळं बरं झालं असतं. ती जवळ आली असती, दोघी रडलो असतो, झालं असतं. पण कॅमेऱ्याला वेळ कळते. आवाज कळत नाही.

“ती हसत नाहीये त्यात,” मी म्हटलं. “मला हाक मारत होती. वयनी म्हणाली.”

“मग?”

“मी तोंड मीट म्हटलं. हलू नको म्हटलं.”

“मग?”

“मग बटण दाबलं.”

माधवी उठली आणि गॅलरीत गेली. खुर्ची नलूने कधीच आत घेतली होती, तरी ती नेमकी त्याच जागी जाऊन उभी राहिली, कठड्याला दोन्ही हात लावून. खाली कोळीण ओरडत होती, ताजे बांगडे, ताजे बांगडे. मी खाटेवर बसून राहिले. गॅसवर चहा होता, तो उतू गेला, मी उठले नाही. बऱ्याच वेळाने ती आत आली, आधी गॅस बंद केला, शेगडी पुसली, मग बॅगेपाशी बसली. फोटो बाहेर काढला. खूप जवळ धरून बघितला, ओठांपाशी. मला वाटलं, आता ठेवून जाईल. तिने तो तुझ्या दोन साड्यांच्या मध्ये ठेवला आणि बॅग लावली.

आल्यापासून ती रोज म्हणत होती, “काकी, चल माझ्याकडे.” त्यानंतर म्हणाली नाही. निघताना पाया पडली. “गोळ्या वेळेवर घे,” म्हणाली.

पोचल्यावर फोन आला. “जेवलीस का?” मी जेवले म्हटलं. पुढे तिलाही बोलायला काही नव्हतं, मलाही. पण तिने फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. तिच्या घरातला पंखा मला ऐकू येत होता.

काल पुन्हा आला. तसाच.

तुझी फ्रेम दारासमोरच्या भिंतीवर आहे, कोटवाल्याच्या शेजारी. बॅटरी उतरली आहे कॅमेऱ्याची. मी ती चार्ज केली नाही, पण तो सीवरच आहे. कुणाला फिरवू देणार नाही. तुझं बरोबर होतं. हे लिहिलं, कारण बोलायला तू थांबली नाहीस. चार वेळा उठणारी बाई तू, मी तुला जन्मभर बस म्हणत राहिले आणि शेवटी तुला बसवली ती मीच, ‘हलू नको’ म्हणून. हे माझ्याकडे राहील. त्याला काही इलाज नाही आणि मी शोधतही नाही.

आज दूध मी बघितलं, उतू गेलं नाही. दोन कप चहा केला. एक ओतून दिला.

त्या दिवशी चार वाजता गॅलरीत आपण दोघी होतो. खुर्चीत तू, एकाहत्तर वर्षांची. कॅमेऱ्यामागे मी, अठ्ठ्याहत्तर वर्षांची. त्यातली जिवंत आहे ती मी.